प्रसादाला नाही म्हणू नये

दिवाळी अंकात पायांविषयी लिहिणं बरं दिसत नाही, असं माझ्या सुनेचं मत पडलं. लोक चकली खाता खाता अंक चाळणार आणि तुम्ही त्यांच्यापुढे जखमा आणि नखं मांडणार, असं ती म्हणाली. तिचं चुकत नाही. पण मला दुसरं काही येत नाही. चौतीस वर्षं मी नर्स होते आणि निवृत्त झाल्यापासून गेली नऊ वर्षं दर गुरुवारी सकाळी गोदावरीच्या घाटावर बसून लोकांचे पाय धुते. नोकरीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. वेळेवर गेले, वेळेवर आले, पेन्शन चालू आहे. सांगायचं आहे ते घाटाबद्दल, आणि त्यातही एका माणसाच्या डाव्या पायाबद्दल.

आम्ही अकरा जण आहोत, सगळे एकाच कॉलनीतले, साठीच्या पुढचे. आधी नुसतं नामस्मरण चालायचं. एकदा जोशीकाका म्हणाले, "जीभ झिजवून झाली, आता जरा हात झिजवू या." जोशीकाकांचं घराणं घाटावरचं. वडील-आजोबांनी यात्रेकरूंचे विधी केले, काकांनी स्वतः सरकारी कचेरीत नोकरी केली, पण घराण्यामुळे लोक त्यांच्या पाया पडत. त्या माणसाने सत्तरीनंतर दुसऱ्यांचे पाय हातात घेतले. मला ह्याचं फार कौतुक आहे. त्यांना तसं कधी सांगितलेलं नाही, कारण ते मुळातच फुगलेले असतात.

आता हे काम म्हणजे काय ते सांगते. घाटावर, पुलाखाली, धर्मशाळांच्या आडोशाला जी माणसं राहतात त्यांचं अर्धं दुखणं पायात असतं. अनवाणी चालणं, ओल, भेगा, वाढून आत वळलेली नखं, काच लागून चिघळलेली जखम. दवाखान्यात जायचं तर रांगेत उभं राहायला पाय लागतात, आणि दुखतो तो पायच. म्हणून आम्ही जातो. पाणी आधी आपल्या कोपराने बघायचं, कारण ज्याच्या पायातली जाणीव गेली आहे तो उकळत्या पाण्यालाही कोमट म्हणतो. नख सरळ कापायचं, कोपरे गोल करायचे नाहीत. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. उघड्या जखमेवर कापूस ठेवायचा नाही, तो चिकटतो. पट्टी इतकीच घट्ट बांधायची की खाली आपलं बोट जाईल. आणि नाकाला पदर लावायचा नाही. ज्याला वास सोसत नाही त्याने स्टोव्हपाशी बसून पाणी तापवावं.

आमच्यात मांडी घालून खाली बसू शकतील असे दोघेच. बाकीच्यांचे गुडघे गेलेले. पण घाटाच्या पायऱ्या जणू ह्याच कामासाठी बांधल्या आहेत. पेशंट वरच्या पायरीवर, आम्ही दोन पायऱ्या खाली प्लास्टिकच्या स्टुलावर, म्हणजे त्याचा पाय बरोबर आमच्या मांडीवर येतो. नवा माणूस वर बसायला तयार होत नाही. जोशीकाकांच्या वर बसायचं म्हटलं की काहींना घाम फुटतो. मग काका डोळे वटारतात आणि तो माणूस गपकन बसतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. निफाडकडच्या एक ठकूबाई होत्या. त्यांची नखं इतकी वाढली होती की चप्पल शिरत नव्हती. मी नेलकटर काढल्याबरोबर त्यांनी पाय ओढून घेतला. "गुरुवारी नखं काढत्यात व्हय? अन् तुम्ही म्हणं देवाधर्माची माणसं!"

दोन वर्षं आम्ही दर गुरुवारी नखं कापत होतो आणि अकरा धार्मिक डोक्यांपैकी एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. शेवटी जोशीकाकांनी निवाडा दिला. "आजी, आपली नखं आपण काढायची तर वार बघावा. दुसऱ्याने काढली की ती सेवा होते. सेवेला वार नसतो."

ठकूबाईंनी विचार केला. "मंग पायाची काढा. हाताची ऱ्हाऊ द्या, ती मी उद्या काढीन."

एक गृहस्थ तर पायाला काहीही झालेलं नसताना यायचे. दोन्ही पाय ठणठणीत. एकदा मी चिडून विचारलं तर म्हणाले, "काही नाही सिस्टर, बरं वाटतं." तेव्हापासून त्यांचेही पाय धुतो.

काम संपलं की आरती आणि प्रसाद. प्रसाद शिऱ्याचा, तोही सत्यनारायणाला करतात तसा, सव्वाच्या मापाचा. रवा, तूप, साखर सगळं सव्वा किलो, वर केळी. मापात इकडचं तिकडे केलं तर तो प्रसाद राहत नाही, नुसता शिरा होतो, असं काकांचं म्हणणं. शिवाय प्रसाद उरवायचा नाही, टाकायचा नाही, घरी न्यायचा नाही. तिथल्या तिथे संपला पाहिजे.

आता गंमत अशी की आमच्या अकरा जणांत आठ जणांना साखरेचा आजार आहे. त्यात मीही आले. मग आम्ही काय करायचो? चिमूटभर जिभेवर ठेवायचो, हात जोडायचो आणि आपला वाटा शेजारच्या पेशंटच्या हातावर घालायचो. वाया जात नाही आणि पुण्यही लागतं. ह्यात काही वावगं आहे असं इतक्या वर्षांत आठ जणांपैकी कोणालाही वाटलं नाही. आणि त्या आठांत एक नर्स होती.

सोमा आला तो मागच्या वर्षी ज्येष्ठात. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. सुरगाण्याच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीजवळच्या पाड्यावरचा. दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला आला होता. तिथे तुटक्या तारेचं टोक चपलेतून तळव्यात घुसलं आणि त्याला ते संध्याकाळी चप्पल काढल्यावर कळलं. बाकीची माणसं काम संपवून गावाला गेली, हा पायापायी मागे राहिला आणि पुलाखाली येऊन पडला. जखम रुपयाएवढी होती, पण खोल. बोटावर सुई टोचून मी साखर बघितली आणि मला सगळं कळलं.

"गावाला का नाही गेलास?" मी विचारलं.

"गाडी फाट्यापावत जातं बाई. फुडं चढ हाय. माझा घर लय वर हाय."

"मग गावची माणसं उचलून नेतील की."

"नेतील ना. झोळीत घालून नेतील." तो पायाकडे बघत राहिला. "पन झोळीत गेला का मंग तो मानूस कामाचा नाय. भाताचं खाचर कोन बघंल? मी माझ्या पायानं जाईन. तू सांग, कदी जाऊ?"

तिकडे लहानथोर सगळ्यांना तूच म्हणतात. मला ते ऐकायला आवडायचं. मी म्हणाले, "माझं सगळं ऐकलंस तर दसऱ्याला."

"ऐकीन," तो म्हणाला.

मी त्याला सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळवून दिल्या आणि पथ्य सांगितलं. साखर बंद, चहा बंद, गोड काही नाही, भात थोडा. तो प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता. मग आरती झाली. मी माझा चिमूटभर घेतला आणि उरलेला वाटा त्याच्यापुढे धरला. त्याने हात पुढे केला नाही.

"बाई, गोड नको म्हनलीस ना तू?"

आजूबाजूला सगळे उभे होते. जोशीकाका बघत होते. मी हसले. जे बोलले ते मला शब्द न शब्द आठवतं. "अरे, हे गोड नाही, प्रसाद आहे. प्रसादाने काही होत नाही. प्रसादाला कधी नाही म्हणू नये."

त्याने लगेच दोन्ही हातांची ओंजळ केली. शिरा कपाळाला लावून खाल्ला.

पुढे आषाढ गेला, श्रावण आला. नदीला पाणी चढलं आणि पायऱ्या बुडाल्या, तसे आम्ही एका धर्मशाळेच्या ओट्यावर बसायला लागलो. सोमाचा पाय मी दुसऱ्या कोणाला देत नव्हते. पंधरा दिवस जखम भरते आहे असं वाटलं. कडा गुलाबी दिसायला लागल्या. तो विचारायचा, "दसऱ्याला ना?" मी म्हणायचे, "दसऱ्याला." मग एका गुरुवारी पट्टी सोडली तर आत पू होता. पुढच्या गुरुवारी अंगठा काळपट दिसला.

मी त्याला फाडफाड बोलले. गोळ्या फेकतोस का, चहा ढोसतोस का. त्याने पिशवीतून दोरीने बांधलेली एक जुडी काढली. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या, पहिल्या दिवसापासूनच्या, एकही टाकलेली नव्हती. "समद्या खाल्ल्या बाई. च्या बी सोडला. पुलाखाली समदे पितात, मी नाय पीत." मला वाईट वाटलं. त्याच्या हातावर त्या दिवशी मी शिऱ्याचा जरा मोठा गोळा ठेवला.

पितृपक्षात मी काकांना घेऊन रिक्षाने त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. मशीनने साखरेचा आकडाच दाखवला नाही, ती मोजमापाच्या वर गेली होती. डॉक्टर एक तरुण मुलगी होती. तिने शांतपणे विचारलं, "बाबा, खाण्यात काय काय असतं?"

"भाकर, मिळंल तवा. च्या नाय. गोड नाय." मग आठवून म्हणाला, "परसाद तेवढा."

"कसला प्रसाद?"

"बाईंचा शिरा. सोमवारी मंदिरापुढं बुंदी वाटत्यात. एक शेठ जिलबी वाटतो. ह्या पंधरवड्यात तं रोज खीर, लाडू. लोकं घाटावर आनून देत्यात." त्याने ओंजळ करून दाखवली. "बाईनं सांगलंय, परसादाला नाय म्हनायचा नाय."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी नर्स होते हे मी तिला पाचच मिनिटांपूर्वी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

भाकरी कोणी दान करत नाही हो. घाटावर पुण्य करायला येणारा माणूस गोडच घेऊन येतो. लग्नाचा वाढदिवस असो नाहीतर बापाचं श्राद्ध असो, गरिबाच्या हातावर गोड पडतं. मी हे इतकी वर्षं दर गुरुवारी बघत होते. सोमाने माझं सगळं ऐकलं होतं. गोळ्यांचं ऐकलं, चहाचं ऐकलं, आणि प्रसादाचंही तितक्याच इमानाने ऐकलं. चार महिने त्याच्या हातावर जे जे पडलं ते त्याने माझ्या शब्दाखातर खाल्लं.

दसऱ्याच्या आधी त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टर म्हणाली, जखम आधीच खोल होती, नसा मेल्या होत्या, नुसत्या गोडाने झालं असं नाही. ती माझी समजूत घालत होती. असली समजूत मी जन्मभर नातेवाइकांची घातलेली आहे, त्यामुळे तिची किंमत मला माहीत आहे.

चौथ्या दिवशी मी त्याच्या कॉटजवळ बसून सांगून टाकलं. "सोमा, माझं चुकलं. शिऱ्यात साखर होती. प्रसाद झाला म्हणून साखर कुठे जात नाही. मला ते कळत होतं."

तो छताकडे बघत होता. "तू तं कनभरच घ्यायचीस."

"हो."

"मला वाटायचा, तुझ्या वाट्याचा मला देतीस. माया म्हनून."

मी गप्प बसले असते तर तो तेच धरून राहिला असता. पण खोटं बोलायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. "मलाही साखरेचा आजार आहे, सोमा. म्हणून मी खात नव्हते."

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्याने विचारलं, "तुझं पाय दुखतात का?"

मी वॉर्डाबाहेर जाऊन जिन्यात बसले आणि पोटभर रडले.

त्यानंतरच्या गुरुवारी आमच्या मंडळात त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. मी शिरा बंद करा म्हणाले. जोशीकाका भडकले. "अहो सिस्टर, प्रसादाने कोणाचं वाईट झालेलं ऐकलंय का कधी?"

"ऐकलं नाही, केलंय. चला, दाखवते."

"माप मोडता येत नाही."

"नखांना वार नव्हता ना तुमच्या? मग सेवेला माप कुठून आलं?"

काका तडक निघून गेले. पण त्याच दिवशी दुपारी ते एकटेच वॉर्डात आले. मी तिथेच होते. सोमाने त्यांना बघून उठायची धडपड केली, हात जोडले आणि सवयीने ओंजळ पुढे केली. "काका, आज गुरुवार ना? परसाद आनला?" काकांनी त्या ओंजळीत आपले दोन्ही रिकामे हात ठेवले आणि तसेच उभे राहिले.

पुढच्या गुरुवारी काका ज्वारीच्या भाकऱ्या आणि पिठलं घेऊन आले. भाकऱ्यांवर तुळशीची पानं. कोणी विचारायच्या आतच म्हणाले, "नैवेद्य दाखवून आणलाय. देवाने तरी काही तक्रार केलेली नाही." त्या दिवशी आम्ही अकराच्या अकरा जणांनी पहिल्यांदा आपापला प्रसाद पूर्ण खाल्ला. छान झालं होतं पिठलं.

मार्गशीर्षात सोमाला घरी पोचवायला निघालो. काका, मी आणि भाड्याची जीप. फाट्यावर पाड्यावरचे चार जण घोंगडीची झोळी आणि बांबू घेऊन उभे होते. सोमाने झोळीकडे बघितलं आणि तीत बसला. काकांचे गुडघे चढाचे नव्हते, ते जीपमध्येच थांबले. मी काठी घेऊन मागून चढले. त्या चौघांना जो चढ अर्ध्या तासाचा, तो मला दीड तासाचा झाला. ते चौघं दर वळणावर झोळी टेकवून माझ्यासाठी थांबायचे, आणि सोमा झोळीतून मान काढून मी येते आहे ना ते बघायचा. ह्या चढाचं त्याने मला कितीदा तरी सांगितलं होतं. तोच चढ चढत मी त्याच्यामागून गेले.

घर कुडाचं, सारवलेलं, अंगणात भाताच्या पेंढ्याची उडवी. खाचर शेजाऱ्यांनी कापून दिलं होतं. त्याची बायको मैना दारातच उभी होती. तिने त्याच्या दुमडून बांधलेल्या धोतराकडे एकदा बघितलं, मग त्याला आधार देऊन खाटेवर बसवलं. मला वाटत होतं ती काहीतरी विचारेल. मी उत्तर तयार करून आणलं होतं, सगळं खरं सांगायचं ठरवलं होतं. ती मात्र आत गेली, चूल फुंकली, आणि थोड्या वेळाने कोऱ्या चहाचा काठोकाठ भरलेला कप माझ्या हातात ठेवला. पाहुणी म्हणून त्यात भरपूर गूळ घातला होता. वासावरूनच कळत होतं.

मी नाही म्हणणार नव्हते. ह्या घरात मी कशालाच नाही म्हणणार नव्हते. मी कप तोंडाशी नेला.

खाटेवरून सोमा म्हणाला, "मैना, तिला नको देऊस तो. तिला साखर हाय."

मैनाने पुढे येऊन माझ्या हातातला कप काढून घेतला.